बिनसाखरेची बाटली कोणाच्या कामाची?

उन्हाळा लागला की भांडुपच्या टेकडीवरील वस्त्यांत दोन प्रकारची वर्दळ वाढते. एक हंडे-कळशा घेऊन चढ-उतार करणाऱ्या आयाबहिणींची, आणि दुसरी पहाटे धावायला निघणाऱ्या मुलामुलींची. पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुले खिंडीपाडा, टेंभीपाडा, प्रतापनगर, कोकणनगर येथून अंधारातच खाली उतरतात. पुलावरून पूर्वेला पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर जातात आणि ऊन चढायच्या आत घामाने निथळत परत येतात. पूर्वी यांच्या हाती घरून भरून नेलेली पाण्याची बाटली असे. आता निळ्या, केशरी, पोपटी रंगाच्या पेयाची बाटली दिसू लागली आहे. तिच्यावर धावत्या खेळाडूचे चित्र असते आणि ठळक अक्षरांत 'झिरो शुगर' असे लिहिलेले असते. म्हणजे साखर अजिबात नाही.

साखर नाही म्हटल्यावर आपल्या घरांत कोणालाही बरे वाटते. घरोघरी मधुमेहाचा एक तरी रुग्ण आहे. साखर म्हणजे शत्रू, असे आता लहान मुलेही बोलतात. तेव्हा साखर नसलेली वस्तू चांगलीच असणार, हा समज सहज होतो. पण हा समज कोठे खरा आहे आणि कोठे अंगाशी येऊ शकतो, हे आम्हाला एका घरी प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

टेंभीपाड्यातील ते घर आमच्या ओळखीचे. थोरला मुलगा भरतीसाठी धावतो. त्याची बहीण आपल्या दोन वर्षांच्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. आम्ही गेलो तेव्हा बाळ मलूल होऊन आईच्या मांडीवर पडले होते. आदल्या रात्रीपासून त्याला जुलाब होत होते. आई चमच्याने त्याला निळे पाणी पाजत होती.

"जयभीम ताई. हे काय पाजता?" आम्ही विचारले.

"जयभीम. दादाची बाटली आहे. यात क्षार असतात ना, म्हणून. आणि साखर नाही, तेव्हा बाळाच्या पोटाला त्रास पण नाही."

एवढ्यात शेजारच्या मावशी आत आल्या. त्या महापालिकेच्या आरोग्य केंद्राकडून वस्तीत घरोघरी फिरण्याचे काम करतात. त्यांनी बाटली हातात घेतली, मागची बारीक अक्षरे डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाल्या, "अगं पोरी, यात साखर नाही म्हणूनच हे बाळाला नको. मीठ आत शोषायला आतड्याला साखर लागते. थांब, माझ्या पिशवीत पाकीट आहे." त्यांनी उकळून गार केलेले एक लिटर पाणी मोजून घेतले, पाकीट त्यात ओतले आणि चमच्या-चमच्याने कसे पाजायचे ते समोर बसून दाखवले. दुसऱ्या दिवशी बाळ सावरले.

मावशींचे ते एक वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. ज्या गोष्टीसाठी ताईंनी ती बाटली चांगली मानली, नेमक्या त्याच गोष्टीमुळे ती त्या बाळाच्या कामाची नव्हती. म्हणून हा विषय नीट समजून घेऊन वाचकांपुढे मांडावा असे ठरविले.

बाटलीत असते तरी काय?

आपल्या देशात पाकीटबंद खाद्यपदार्थावर त्यातील घटक लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे जे सर्वांत जास्त ते आधी, जे सर्वांत कमी ते शेवटी. बिनसाखरेच्या खेळाडू-पेयाची बाटली फिरवून पाहिली तर साधारण पुढील गोष्टी आढळतात.

पहिले नाव पाण्याचे. मग येते आम्ल, बहुधा सायट्रिक आम्ल. लिंबाचा आंबटपणा याच आम्लामुळे असतो. लेबलावर त्याचा क्रमांक ३३० असतो. त्यानंतर मीठ आणि सोडियम सायट्रेट (३३१). ही दोन्ही सोडियम देतात. घामातून सर्वांत जास्त जाणारा क्षार हाच. मग थोडे पोटॅशियम. मग चव आणि वास येण्यासाठी घातलेली द्रव्ये. पेय टिकावे म्हणून काहींत सोडियम बेंझोएट (२११) किंवा पोटॅशियम सॉर्बेट (२०२) असते. रंगासाठी निळ्या पेयात १३३, केशरी पेयात ११० आणि पिवळ्या पेयात १०२ या क्रमांकाचे कृत्रिम रंग असू शकतात. या रंगांना ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, परंतु शरीराला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. ते आहेत ते डोळ्यांसाठी.

राहिली गोडी. साखर नसताना पेय गोड लागते ते सुक्रालोज (९५५), असेसल्फेम पोटॅशियम (९५०), अस्पार्टेम (९५१) किंवा स्टीव्हिया या वनस्पतीपासून काढलेल्या गोड द्रव्यामुळे (९६०). सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, तर अस्पार्टेम आणि असेसल्फेम सुमारे २०० पट. त्यामुळे चिमूटभराचाही छोटासा अंश अख्खी बाटली गोड करतो. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या आणि पुड्या मिळतात, त्यांतही बहुतेक हाच माल असतो. फेस येण्यासाठी खाण्याच्या सोड्याची भर असते, इतकेच.

साखर असलेल्या साध्या खेळाडू-पेयात दर १०० मिलिलिटरला साधारण ६ ग्रॅम साखर असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम, सात चमच्यांहून अधिक. 'शुगर फ्री' म्हणवून घ्यायचे तर १०० मिलिलिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, असा नियम आहे.

आता हिशेब करा. साखर वजा केली की बाटलीत उरते ते पाणी, आंबट, थोडे मीठ, रंग आणि जिभेला फसवणारी गोडी. विष नव्हे, पण अमृतही नव्हे.

मुळात ते लिंबू सरबतच

या पेयाचा जन्म कसा झाला हे ऐकण्यासारखे आहे. १९६५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांच्याकडे फुटबॉल संघाचा प्रश्न आला. कडक उन्हात खेळताना खेळाडूंचे वजन झपाट्याने उतरे, ते गळून जात. डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की घामातून पाणी आणि मीठ जाते, श्रमाने रक्तातील साखर उतरते, तर तिन्ही एकत्र परत द्यावीत. पहिले मिश्रण इतके बेचव झाले की पिववेना. तेव्हा डॉक्टरांच्या पत्नीने सुचविले की यात लिंबाचा रस घाला. संघाचे नाव 'गेटर्स', म्हणून पेयाचे नाव पडले गेटोरेड.

पाणी, मीठ, साखर आणि लिंबू. आपल्या आजीने उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती दिलेला पेला आठवा. तोच हा पदार्थ. फरक एवढाच की तिने त्याची कंपनी काढली नाही.

पुढे ही पेये मैदानावरून बाजारात, बाजारातून घराघरांत आली. न धावणारी माणसेही ती पिऊ लागली आणि साखर पोटात जाऊ लागली. लठ्ठपणा आणि मधुमेहाची ओरड झाल्यावर कंपन्यांनी बिनसाखरेचे प्रकार काढले. गेटोरेडचा असा प्रकार अमेरिकेत २०१८ साली आला. म्हणजे ज्या तीन अंगांवर हे पेय उभे होते, त्यांतील एक अंग काढून घेतले आणि त्या वजाबाकीलाच गुण म्हणून जाहिरात केली.

साखरेविना दार उघडत नाही

मावशी म्हणाल्या त्याचे शास्त्र असे आहे. आतड्याच्या आतील आवरणात काही दारे असतात. त्यांतील एका दाराचा नियम असा की मीठ, म्हणजे सोडियम, एकटे आले तर ते उघडत नाही. सोबत ग्लुकोज असले तरच उघडते. दोघे जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही गोष्ट मांडली.

निरोगी माणसाच्या आतड्यात पाणी आणि मीठ आत जायला इतरही वाटा असतात. म्हणून धावून आलेल्या तरुणाने बिनसाखरेचे पेय घेतले तर त्याचे काही बिघडत नाही. पण जुलाब होतात तेव्हा त्या इतर वाटा बिघडतात आणि हे ग्लुकोजचे दार तेवढे शाबूत राहते. त्याच दारावर माणसाचा जीव तरतो. सुक्रालोज जिभेला गोड लागते, पण या दाराला गोडी कळत नाही. त्याला खरे ग्लुकोजच लागते.

हे ज्ञान आपल्याच उपखंडात माणसे वाचवून सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटले. नातेवाईकच रुग्णांना पेल्याने पाजू लागले आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

तेच मिश्रण आज 'ओआरएस'च्या पाकिटात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. याने एका लिटरमागे सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. खेळाडू-पेयात साधारण ४५० मिलिग्रॅम मिळते. म्हणजे जवळजवळ चौपटीचा फरक. जुलाब झालेल्या बाळाला बिनसाखरेची बाटली पाजली तर मीठही कमी आणि मीठ आत नेणारे ग्लुकोजही नाही. घरच्यांना मात्र वाटते की आपण औषध देतो आहोत. खरा धोका या गैरसमजात आहे, कारण त्यात मोलाचे तास वाया जातात.

काही कंपन्यांनी आपल्या गोड पेयांच्या नावातच 'ओआरएस' ही अक्षरे घातली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढला की ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात किंवा लेबलावर ही अक्षरे वापरता येणार नाहीत. एका डॉक्टर बाईच्या चिकाटीने हे घडले. तरी दुकानदाराला "क्षाराचं पाणी द्या" एवढेच सांगितले तर तो समोर दिसेल ती बाटली देणार. तेव्हा मागताना ओआरएसचे पाकीट म्हणूनच मागावे आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्यावे.

धावणाऱ्या मुलांना काय लागते?

आता भरतीच्या मुलामुलींकडे वळू. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. चांगला धावणारा मुलगा पाच-सहा मिनिटांत ते अंतर संपवतो. एवढ्या वेळात शरीरातले मीठ संपत नाही. सराव तासाभराच्या आतला असेल तर साधे पाणी आणि नंतर घरचे जेवण पुरते. पोळी-भाजी, वरण-भात, चटणी यांतून गेलेले मीठ परत येते. पोटॅशियम म्हणाल तर एका मध्यम केळ्यात साडेतीनशे ते चारशे मिलिग्रॅम असते. बाटलीत साधारण त्याचा पाचवा हिस्सा असतो.

घाम मात्र सर्वांना सारखा येत नाही. तासाला अर्ध्या लिटरपासून दीड-दोन लिटरपर्यंत येऊ शकतो. कबड्डीचे दिवसभराचे सामने, दीड-दोन तासांचा दमछाक करणारा सराव, उन्हात हमालीचे किंवा बांधकामाचे काम असेल तर पाण्यासोबत मीठ हवे. आणि अशा वेळी साखरही हवी, कारण स्नायूंचे इंधन तेच आहे. लांब पल्ल्याच्या श्रमात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जावी, असे क्रीडावैद्यक सांगते. मग पाहा, थोडे धावणाऱ्याला बाटलीची गरज नाही आणि फार धावणाऱ्याला बिनसाखरेची बाटली अपुरी. ती नेमकी उपयोगी पडते अशी माणसे उरतात थोडी. घाम भरपूर येतो पण वजन किंवा मधुमेहामुळे साखर टाळायची आहे, अशांची.

बाटली हाती आहे म्हणून ऊन बाधणार नाही, हा समजही काढून टाकला पाहिजे. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीच्या वेळी आपल्या शेजारी विक्रोळीला, पूर्व द्रुतगती महामार्गावर, ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले व मरण पावले. त्यानंतर धावण्याच्या वेळा आणि अंतर बदलावे लागले. ती कोणाची तरी कमावती होऊ घातलेली मुले होती. त्या घरांचे दुःख आपण विसरता कामा नये. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. ऐन मे महिन्यात एकदम दुपारी सराव सुरू करू नये. धावताना कोणी बरळू लागला, अडखळला, अंग तापून शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, पेय काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

याची दुसरी बाजूही आहे. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी ढोसणे हेही घातक. रक्तातील सोडियम पातळ होऊन माणूस दगावू शकतो. तहान लागेल तसे, घोट घोट प्यावे, हे बरे.

आमच्या कष्टकरी भगिनींविषयी एक शब्द. घरकामाला, कारखान्यात, बाजारात जाणाऱ्या कित्येक बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण जवळ स्वच्छ संडास नसतो. त्यातून लघवीची जळजळ, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. यावर कोणतीही बाटली हा इलाज नाही. पाणी पिण्याची आणि ते सोडण्याची सोय हाच इलाज, आणि तो कामाच्या जागी हक्काने मागितला पाहिजे.

ती गोडी घातक आहे का?

बिनसाखरेच्या गोड द्रव्यांविषयी वस्तीत दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. कोणी म्हणतात कॅन्सर होतो, कोणी म्हणतात कितीही घ्या. खरे काय ते पाहू.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला 'कर्करोगास कारण असू शकेल' अशा गटात टाकले. त्यासाठीचा पुरावा मर्यादित आहे, असेही तिने सांगितले. त्याच वेळी अन्नातील द्रव्यांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा, शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, तशीच कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाने ही मर्यादा ओलांडायची तर त्याला दिवसाला नऊ ते चौदा डबे अशी पेये प्यावी लागतील. तेव्हा एखाद्या बाटलीने घाबरून जाण्याचे कारण नाही. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम पूर्ण वर्ज्य करावे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशी गोड द्रव्ये वापरू नयेत. पुढे त्यांनी चरबी कमी होते असे दिसत नाही, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास मधुमेह व हृदयविकार यांच्याशी संबंध असण्याची शक्यता आहे, असे तिचे म्हणणे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. म्हणजे 'साखर नाही म्हणून रोज प्या' या बोलण्याला आधार नाही.

दातांचे काय? साखर नाही म्हणून दात किडणार नाहीत, असे मुलांना वाटते. पण या पेयांत आम्ल असतेच. दातांवरचे कठीण आवरण आम्लाने झिजते, आणि खेळाडू-पेये पुरेशी आंबट असतात. दिवसभर घोट घोट घेत राहिल्यास दात जास्त वेळ आम्लात राहतात. प्यायची तर एकदाच प्यावी आणि मग साध्या पाण्याने चूळ भरावी.

मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि मुले

मधुमेह्यांनी एक गोष्ट काळजावर कोरून ठेवावी. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी पिशवीतली बिनसाखरेची बाटली निरुपयोगी आहे. गोड लागेल, पण रक्तात साखर चढणार नाही. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पाहावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी आणि नंतर काही खायला द्यावे. धावायला किंवा कामाला जाणाऱ्या मधुमेह्याने खिशात साखरेची पुडी बाळगावी.

रक्तदाबाच्या रुग्णाने ही पेये बसल्या जागी पिऊ नयेत. दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी असावे, असा सल्ला आहे. लोणचे, पापड, फरसाण यांतून आपले ते आधीच ओलांडलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे पेयही घेऊ नये आणि नारळपाणीही, कारण दोन्हींत पोटॅशियम असते व नारळपाण्यात तर भरपूर.

लहान मुलांना खेळून आल्यावर पाणी द्यावे. या बाटलीची गोडी लागली की मुलाला साधे पाणी बेचव वाटू लागते. आणखी एक घोटाळा टाळावा. खेळाडू-पेय वेगळे आणि 'एनर्जी ड्रिंक' वेगळे. दुसऱ्यात कॅफीन असते, एका लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत. ते मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी नाही, असे डब्यावरच लिहिलेले असते. दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेली असतात आणि मुले रंग पाहून उचलतात. 'हेल्थ ड्रिंक' या शब्दालाही भुलू नये. आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही.

पाणी पश्चिमेला, मीठ पूर्वेला

आपले भांडुप या बाबतीत मोठे नशीबवान म्हणायचे. पश्चिमेला टेकडीच्या कुशीत भांडुप संकुल आहे. मुंबईच्या बऱ्याच मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी तेथे शुद्ध होते. पूर्वेला खाडीकाठी मिठागरे आहेत, तेथे वर्षानुवर्षे मीठ पिकले. पाणी आणि मीठ, दोन्ही दाराशी. तरीही त्याच टेकडीवरच्या आपल्या वस्त्यांना पाण्यासाठी रांग लावावी लागते, आणि तेच पाणी रंगीत बाटलीतून परत विकत घ्यावे लागते, हा प्रकार विचार करण्यासारखा आहे.

शुद्ध पाण्यालाही जपावे लागते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत भांडुप संकुलातच पाणी घुसून यंत्रणा बंद पडली होती आणि पालिकेने लोकांना पाणी उकळून पिण्यास सांगितले होते. पावसाळ्यात आजही उकळूनच प्यावे.

आता दोन कृती. दोन्हींची गल्लत करू नये.

पहिली, जुलाबासाठी. घरात ओआरएसचे पाकीट असल्यास तेच वापरावे. ते पालिकेच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, भरगच्च नको. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून नवे करावे. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे. बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवावे. जुलाब झालेल्या मुलाला आरोग्य केंद्रातून जस्ताच्या गोळ्याही मिळतात, त्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त दिसले तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

दुसरी, लांब धावणाऱ्यासाठी किंवा दिवसभर उन्हात राबणाऱ्यासाठी. एक लिटर पाणी, एक लिंबू, पाव चमचा मीठ आणि सपाट बारा चमचे साखर. विकतच्या साखरवाल्या बाटलीत जेवढी साखर व मीठ असते साधारण तेवढेच यात आहे, आणि रंग नाही. तासाभराच्या आतल्या श्रमाला हेही नको, पाणी पुरे. मिठाचे ताक, भाताची पेज, कोकम सरबत, कैरीचे पन्हे ही आपली जुनी पेये उन्हाळ्यात केव्हाही चांगली. मधुमेह असल्यास साखर न घालता ताक किंवा लिंबू-मिठाचे पाणी घ्यावे. तीच त्यांची बिनसाखरेची बाटली, आणि तिच्यावर कोणाची जाहिरात नाही.

टेंभीपाड्यातील त्या थोरल्या मुलाला आम्ही हे सारे सांगितले. तो जरा ओशाळून हसला. म्हणाला, "आमच्या ग्रुपमध्ये सगळे आणतात, म्हणून मी पण आणायचो. पन्नास रुपये जायचे." त्याची आई आतून म्हणाली, "त्या पैशात अर्धा डझन केळी येतात रे." आता तो घरून पाणी नेतो आणि परत येताना केळी घेतो, असे परवा मावशींकडून कळले. बाटलीवर त्याने बहिष्कार घातलेला नाही. मैत्रिणीने-मित्राने दिली तर एखादा घोट घेतो. पण आता ती मागून वाचून पाहतो.

तेवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. बाटलीचा पुढचा भाग विकणाऱ्याचा असतो, मागचा भाग आपला असतो. घरातील शाळेत जाणाऱ्या मुलाला बसवून ती बारीक अक्षरे एकदा मोठ्याने वाचावयास लावा. आणि येत्या आठवड्यात आरोग्य केंद्राकडून जाताना ओआरएसची दोन पाकिटे घेऊन मिठाच्या बरणीशेजारी ठेवून द्या. रात्री-अपरात्री बाळाला जुलाब लागले तर ती हाताशी असतील.